कावळा न बसलेली फांदी

यंदाच्या श्रावणात काकूच्या फडताळात दोन वस्तू शेजारी शेजारी आल्या. एक मेमधल्या मसाल्यातून उरलेल्या बाद्यानाची पुडी, आणि दुसरी माझ्या तापासाठी लिहून दिलेली ऑसेल्टामिव्हिरची पट्टी. त्यांचं नातं काकूला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मलाही ते आठवलं ते दुसऱ्या रात्री, अंग मोडून आल्यामुळे झोप लागेना तेव्हा.

बाद्यान म्हणजे ते आठ पाकळ्यांचं लाकडी फूल. शहरात त्याला चक्रीफूल म्हणतात. जपानात त्याचं एक चुलत भावंड उगवतं, शिकिमी नावाचं, आणि ते विषारी असतं. 1885 साली आयकमन नावाच्या डच रसायनशास्त्रज्ञाने या शिकिमीतून एक आम्ल वेगळं केलं. झाडाच्या नावावरून त्याला शिकिमिक आम्ल म्हणू लागले. पुढे शतकभराने फ्लूवरचं औषध घडवताना हेच आम्ल कच्चा माल ठरलं. तोवर चिनी बाद्यान हा त्याचा सर्वांत सोयीचा साठा झाला होता. तेरा ग्रॅम बाद्यानातून एक रोगी पुरा होईल एवढं औषध निघतं, असा हिशेब त्या काळात दिला जाई. तेरा ग्रॅम म्हणजे तोळ्याहून थोडं जास्त. काकूच्या पुडीत तेवढं सहज असेल.

बाद्यानाचा काढा पिऊन फ्लू पळवता येतो असं सांगणारे मला भेटले आहेत. त्यांना एवढंच सांगायचं की नुसतं शिकिमिक आम्ल विषाणूचं काही वाकडं करत नाही. त्यावर रसायनशाळेत एकामागून एक बऱ्याच प्रक्रिया कराव्या लागतात, तेव्हा कुठे ऑसेल्टामिव्हिर, म्हणजेच टॅमिफ्लू, होतं. काथ्यापासून दोर वळतात म्हणून नारळ पाण्यात टाकून होडी बांधता येत नाही.

औषधाचं काम मात्र होडी बांधण्यासारखंच आहे. फ्लूचा विषाणू आपल्या पेशीत शिरून स्वतःच्या असंख्य प्रती काढतो. या प्रती बाहेर पडताना पेशीच्या कातडीला चिकटून राहतात. तो चिकटा तोडायला विषाणूजवळ एक कातर असते. ऑसेल्टामिव्हिर त्या कातरीच्या पात्यांत जाऊन बसतं. मग प्रती तयार होतात, पण धक्क्यालाच बांधून राहतात. तोंडाने श्वासातून ओढायचं झानामिव्हिरही हेच करतं. जपानात 2018 साली मान्यता मिळालेलं बालोक्साव्हिर त्याच्याही आधी, प्रती काढण्याच्या कारखान्यातच हात घालतं आणि एकाच मात्रेत काम उरकतं. या सगळ्यांआधी होतं ॲमँटाडिन, 1966 पासूनचं. विषाणू त्याला इतका सरावला की फ्लूसाठी ते आता जवळजवळ कोणी देत नाही. ते उरलं कंपवाताच्या रुग्णांसाठी, आणि तेही योगायोगाने. फ्लू होऊ नये म्हणून ते घेणाऱ्या कंपवाताच्या एका बाईंना हातापायांत मोकळेपणा वाटला, आणि त्यांनी तो डॉक्टरांच्या कानावर घातला.

पण एवढं सगळं मी नंतर जुळवलं. त्या दिवशी गावातल्या डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला होता. ताप कधीपासून?

‘परवा संध्याकाळपासून.’

ते थोडा वेळ थांबले. मला दमा नाही, साखर नाही, हे त्यांना माहीत होतं. मग म्हणाले, ‘घेतलीत तरी चालेल, नाही घेतलीत तरी चालेल.’ आणि पट्टी लिहून दिली. ‘ही घरच्यांसाठी,’ असंही म्हणाले.

हे बोलणं मला टोलवाटोलवीचं वाटलं होतं. आता वाटतं की फ्लूच्या औषधांवर जगाने गेल्या वीस वर्षांत जी भांडणं केली, त्यांचा याहून प्रामाणिक सारांश मी वाचलेला नाही.

2009 च्या ऑगस्टात पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी गेला. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी लागलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना तोंडाला बांधलेले रुमालही आठवत असतील. टॅमिफ्लू तेव्हा दुकानात मिळत नव्हतं. सरकारी दवाखान्यातून मिळे, म्हणून ते फारच जालीम असणार अशी सगळ्यांची समजूत झाली. दुर्मीळ वस्तूला गुण आपोआप चिकटतात.

त्याच वर्षी जपानातल्या एका बालरोगतज्ज्ञाने कॉक्रेन या संशोधन-परीक्षक संस्थेला एक साधा प्रश्न लिहून पाठवला. त्यांचं नाव केजी हायाशी. टॅमिफ्लूने न्यूमोनियासारख्या गुंतागुंती कमी होतात, असं संस्थेच्या परीक्षणात म्हटलं होतं. त्याचा आधार होता दहा चाचण्यांची बेरीज मांडणारा एक लेख. त्या दहांतल्या फक्त दोन चाचण्या पूर्णपणे छापून आल्या होत्या. उरलेल्या आठ तुम्ही पाहिल्यात का? परीक्षकांनी त्या पाहिलेल्या नव्हत्या. मागायला गेले तेव्हा मिळाल्याही नाहीत. कॉक्रेनचे टॉम जेफरसन आणि त्यांचे सहकारी चार वर्षं औषध बनवणाऱ्या कंपनीशी पत्रव्यवहार करत राहिले, ब्रिटिश मेडिकल जर्नलने तो उघडपणे छापला, आणि 2013 मध्ये हजारो पानांचे मूळ अहवाल बाहेर आले. तोवर ब्रिटन सरकारने टॅमिफ्लूच्या साठ्यावर 42 कोटी पौंडांहून अधिक खर्च केला होता.

एप्रिल 2014 मध्ये जो निष्कर्ष आला त्यातला एक आकडा मी विसरू शकत नाही. औषध न घेतलेल्या प्रौढांची लक्षणं सुमारे सात दिवसांत ओसरू लागली. औषध घेतलेल्यांची 6.3 दिवसांत. फरक 16.8 तासांचा. रुग्णालयात भरती होण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही, आणि औषध घेणाऱ्यांना मळमळ-उलटीचा त्रास जास्त झाला. सर्दी औषध घेतलं तर आठवड्यात बरी होते आणि नाही घेतलं तर सात दिवसांत, हा आपल्या घराघरातला विनोद. कोट्यवधी पौंड आणि पाच वर्षं घालवून विज्ञानाने तो दशांश चिन्हापर्यंत तपासून घेतला.

अर्थात 1918 मध्ये हा विनोद कोणी केला नसता. 6 ऑक्टोबर 1918 या एका दिवशी मुंबईत 768 मृत्यूंची नोंद झाली. तेव्हा लोकांच्या हाती क्विनीन होतं, ॲस्पिरिन होतं, आणि ज्याच्याशी लढायचं तो विषाणू अजून पंधरा वर्षं माणसाला सापडायचा होता. फ्लू बहुतेकांना आपोआप सोडतो हे खरं, पण तो कोणाला सोडणार नाही हे आधी सांगता येत नाही. म्हणून दुसऱ्या बाजूचं म्हणणंही तेवढ्याच गंभीरपणे ऐकावं लागतं. 2015 मध्ये लॅन्सेटमध्ये त्याच कंपनीच्या आकड्यांची वेगळी बेरीज आली. ज्यांना खरोखर फ्लूच होता असं तपासणीत ठरलं, तेवढेच रोगी त्यात धरले, तेव्हा फायदा दिवसभराचा झाला आणि छातीच्या गुंतागुंतीही कमी दिसल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या सूचनांत आजार गंभीर असेल तर ऑसेल्टामिव्हिरचा विचार करावा असं आहे. साध्या फ्लूला ते नको, आणि धोका जास्त असलेल्यांना बालोक्साव्हिर द्यावं. यातल्या बऱ्याच सूचनांना पुरावा फार भक्कम नाही अशी पुरवणी जोडलेली आहे. डॉक्टरांचं ‘चालेल’ इथूनच आलेलं होतं.

औषधांची तुलना इतकी अवघड का असावी? एक गोळी दिली, दुसरी दिली, कोण आधी उठलं ते पाहिलं. आमच्या रेवदंड्याच्या किल्ल्याच्या तटाशी बसून या प्रश्नाचा विचार करायला एक जुना सोबती आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्यात उतरला आणि परत गेलाच नाही. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याची चांगली गट्टी होती, आणि चौल हे निजामशाहीचं बंदर. खाडीच्या तोंडाशी पोर्तुगीजांनी बांधलेला कोट म्हणजे आजचं रेवदंडा. ओर्ताने हिंदुस्थानातल्या औषधींवर लिहिलेला ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. तो दोन माणसांच्या संवादाच्या रूपात आहे. एक स्वतः ओर्ता आणि दुसरा रुआनो नावाचा कल्पित पाहुणा. रुआनो ग्रीक-रोमन ग्रंथांचा हवाला देतो. ओर्ता म्हणतो, मी इथे राहतो, मी हे झाड पाहिलंय, ही मुळी रोग्याला देऊन पाहिलीय. पुस्तकावर डोळ्यांनी मात केली, असा तो क्षण आहे, आणि त्याचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

पण डोळ्यांचीही एक खोड आहे. त्यांना घडलेलंच दिसतं. संस्कृतात काकतालीय न्याय आहे: कावळा ताडावर बसला आणि त्याच क्षणी फळ पडलं. मराठीने त्यातलं फळ काढून फांदी घातली, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. म्हण सगळ्यांना ठाऊक, पण ती आपण दुसऱ्याला ऐकवतो. स्वतःच्या घरात कावळा बसतो तेव्हा ती आठवत नाही. आयुर्वेदात रोगनिदानाच्या पाच साधनांत उपशय हे एक सांगितलं आहे, म्हणजे कशाने बरं वाटतं त्यावरून रोग ओळखणं. जुनाट, हळूहळू चालणाऱ्या दुखण्यात हे साधन कामाचं आहे. जो आजार सातव्या दिवशी आपणहून जाणारच, तिथे मात्र सहाव्या दिवशी जे काही पोटात जाईल त्याला गुण येतो. काढा असो, अंगारा असो, की सातशे रुपयांची पट्टी. फांदी मोडकळीला आलेलीच असते. तिच्यावर कोण बसला एवढाच प्रश्न उरतो.

म्हणून खरी तुलना करायची तर कावळा न बसलेली फांदी पाहावी लागते. आणि तीच आपल्याला पाहवत नाही.

एप्रिल 2021 मध्ये आमच्या घरात तीन माणसांना करोना झाला. काकाला प्राणवायू लागला, त्याला तालुक्याबाहेरच्या एका रुग्णालयात हलवलं. काकू घरीच राहिली आणि तिला फॅविपिराविरच्या गोळ्या लिहून दिल्या गेल्या. पहिल्या दिवशी सकाळी नऊ आणि रात्री नऊ. अठरा गोळ्या तिने ओटीवर बसून हरभऱ्यासारख्या मोजून घेतल्या. हे मूळचं जपानी औषध, नव्या प्रकारच्या फ्लूसाठी राखून ठेवलेलं. आपल्याकडे जून 2020 मध्ये ते करोनासाठी बाजारात आलं, 103 रुपयांना एक गोळी. देशी चाचणीत 150 रोगी होते. घशातला विषाणू नाहीसा व्हायला औषधाच्या गटात पाच दिवस लागले, दुसऱ्या गटात सात. पण एवढ्या थोड्या रोग्यांत दोन दिवसांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. त्याच्या जोरावर ठामपणे काही म्हणता येत नव्हतं. तिसरा मी. मला पॅरासिटामॉल मिळालं आणि काकाची इंजेक्शनं शोधण्याचं काम.

रेमडेसिव्हिरच्या सहा कुप्या. पहिल्या दिवशी दोन, मग चार दिवस एकेक. ज्यांनी तो एप्रिल पाहिला त्यांना ‘सहा’ या आकड्याचा अर्थ सांगायला नको. सरकारने निर्यात थांबवली होती, किमती खाली आणल्या होत्या, आणि तरीही छापील किमतीत कुपी मिळत नव्हती. तापातून नुकताच उठलेला मी अलिबाग, पेण, पनवेल करत राहिलो. चार कुप्या ओळखीने मिळाल्या. दोन कशा मिळाल्या ते मी काकाला अजून सांगितलेलं नाही. काकाला पहिली सुई टोचली तो आजाराचा दहावा दिवस होता.

काका बरा झाला. त्या इंजेक्शनांनी वाचवलं, असं घरात आजही म्हणतात आणि म्हणताना माझ्याकडे पाहतात. मी गप्प बसतो. त्याला स्टिरॉइडही चालू होतं, प्राणवायू होता, रात्रभर पालथं झोपवणारी एक नर्स होती. आणि त्याच्या शेजारच्या खाटेवर एक गृहस्थ होते. त्यांच्या मुलाने माझ्याआधी दोन दिवस सहाच्या सहा कुप्या आणल्या होत्या. ते गेले. आमच्या घरातल्या गोष्टीत ते गृहस्थ येत नाहीत.

मी पनवेलच्या रांगेत उभा होतो तेव्हा काही आकडे छापून सहा महिने झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेची सॉलिडॅरिटी नावाची चाचणी, 30 देशांतली 405 रुग्णालयं, 11,330 रोगी. आपल्याकडचं समन्वयन पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेकडे, डॉ. शीला गोडबोले यांच्याकडे होतं. रेमडेसिव्हिर दिलेल्या 2,743 रोग्यांपैकी 301 दगावले. न दिलेल्या 2,708 पैकी 303. नोव्हेंबर 2020 मध्ये संघटनेने हे औषध वापरू नये अशी सूचना केली, औषधाने जीव वाचतो असा पुरावा नाही म्हणून. तरी आम्ही धावलो. तो अडाणीपणा नव्हता, असं मला अजूनही वाटतं. हाताशी काहीतरी असताना ते आपल्या माणसाला न देणं हे आकडे वाचून जमत नाही. त्याच वेळी दुसरी एक तुलनाही हातात होती. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत जून 2020 मध्येच डेक्सामेथासोन या जुन्या, काही रुपयांच्या स्टिरॉइडने प्राणवायूवरच्या रोग्यांचे मृत्यू पाचव्या हिश्शाने आणि कृत्रिम श्वासावरच्यांचे तिसऱ्या हिश्शाने घटवले होते. त्यासाठी कोणी पनवेलला रांग लावली नाही. ते प्रत्येक दुकानात होतं, म्हणून त्याच्यावर कोणाचा विश्वास बसला नाही.

रिकामी फांदी राखायची तर ती कोणी राखायची, हा खरा पेच. डॉक्टरांच्या मनावर सोडलं तर ते नकळत जास्त आजाऱ्याला औषध देतील, किंवा जगेल असं वाटतं त्याला. रोग्यांवर सोडलं तर जाणते-सवरते पुढे येतील. दोन्ही वेळा तुलना बिघडली. त्यावरचा उपाय कोकणातल्या माणसाला फार ओळखीचा आहे. आमच्याकडे देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे श्वास धरून बसतात. उजवी पडली तर एक, डावी पडली तर दुसरं. कौलाचं मोठेपण यात आहे की पंचांचं, पाटलाचं, मोठ्या भावाचं कोणाचंच तिथे चालत नाही. चाचणीतली चिठ्ठी हीसुद्धा कौलच आहे, फक्त तिथे कोणी उत्तर देणारा नाही अशी खात्री करून घेतलेली असते. कोणाचीही इच्छा, देवाचीसुद्धा, त्यात शिरू नये यासाठी सगळा खटाटोप.

हा खटाटोप आपल्या भागात फार आधी सुरू झाला. मुंबईत प्लेगवर लस बनवणाऱ्या हाफकिनने 1898 च्या फेब्रुवारीत बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावात एकेक कुटुंब पुढे बोलावलं आणि घरटी साधारण अर्ध्या माणसांना टोचलं. एकाच चुलीवर जेवणारी, एकाच उंबऱ्यात झोपणारी माणसं. टोचलेले 71, न टोचलेले 64. पुढच्या आठवड्यांत टोचलेल्यांतले आठ आजारी पडले, तीन गेले. न टोचलेल्यांतले 27 आजारी पडले आणि 26 गेले. हा आकडा मी कितीदा वाचला असेन, पण 26 पाशी येऊन थांबावं लागतं. एका घरात नवरा टोचला गेला असेल आणि बायको नाही, थोरला टोचला आणि धाकटा नाही. लशीवरचा विश्वास त्या धाकट्यांवर उभा आहे. त्यांना कोणी विचारलं होतं का, हा आजचा प्रश्न. तेव्हा लस लागू पडेल की नाही हेच माहीत नव्हतं, हे त्याचं उत्तर. मला ते पुरेसं वाटत नाही, आणि त्याहून बरं उत्तर मला सुचतही नाही.

1947 मध्ये ब्रिटनमध्ये ब्रॅडफर्ड हिल यांनी क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन तपासलं तेव्हा त्यांच्या वाट्याला हा टोचणीचा भाग आला नाही, कारण औषध सगळ्यांना पुरणारच नव्हतं. युद्धाने खंक झालेल्या ब्रिटनजवळ ते विकत घ्यायला डॉलर नव्हते. 107 रोग्यांमध्ये बंद लिफाफ्यातल्या आकड्यांनी ठरवलं की कोणाला मिळेल. 55 जणांना मिळालं, त्यातले सहा महिन्यांत चार गेले. न मिळालेल्या 52 जणांतले चौदा. टंचाईत चिठ्ठी टाकणं हा सर्वांत न्याय्य वाटा होता, आणि त्याच चिठ्ठीने ज्ञानही दिलं.

हे वाचलं की मला एप्रिल 2021 आठवतो. आपल्याकडे टंचाई तशीच होती. पण वाटप ओळखीने झालं, पैशाने झालं, आमदाराच्या चिठ्ठीने झालं. खऱ्या चिठ्ठीने झालं असतं तर कोणावर अन्याय झाला नसता, आणि जिल्ह्याजिल्ह्यातून आलेल्या त्या लाखभर कुप्यांनी आपल्याला काही शिकवलं तरी असतं. बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या प्लाझ्माच्या बाबतीत देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, आयसीएमआरने, हे करून दाखवलं होतं. 39 रुग्णालयांत 464 रोगी, एप्रिल ते जुलै 2020, आणि उत्तर असं की प्लाझ्माचा उपयोग नाही. पण उत्तर ऑक्टोबरात छापलं गेलं आणि उपचारांच्या यादीतून प्लाझ्मा निघाला पुढच्या मे महिन्यात. मधले सात महिने लोक रक्तगट जुळवत फिरत होते. उत्तर मिळवणं जमलं, ते ऐकणं जमलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं, रेमडेसिव्हिर निकामी म्हणून शिक्का मारून मोकळे झालो असतो. पण औषध एकच असलं तरी वेळ एक नसते. आमच्या कुंडलिका नदीच्या मुखाशी वाळूचा बांध आहे. इथला कोळी भरती पाहून होडी आत घालतो. उधाणाला पाणी भरपूर, भांगाला बेताचं, आणि ओहोटीत आणलीत तर होडी कितीही चांगली असो, वाळूत रुतणार. करोनाचंही तसंच आहे. पहिले काही दिवस विषाणूचे, तो तेव्हा वाढत असतो. पुढचे दिवस शरीराच्या स्वतःच्या जाळपोळीचे, तेव्हा विषाणू बराचसा निघून गेलेला असतो. विषाणूवरचं औषध पहिल्या भागात द्यायचं, स्टिरॉइड दुसऱ्या. डिसेंबर 2021 मध्ये एक चाचणी छापून आली. अजून रुग्णालयात न गेलेल्या, पण धोका जास्त असलेल्या रोग्यांना लक्षणं दिसल्यापासून सात दिवसांच्या आत रेमडेसिव्हिर सुरू केलं, तीन दिवस. औषध मिळालेल्या 279 पैकी दोघांना भरती व्हावं लागलं, न मिळालेल्या 283 पैकी पंधरा जणांना. तेच औषध, तीच कुपी. ज्या औषधासाठी आम्ही दहाव्या दिवशी धावलो, त्याची खरी जागा तिसऱ्या-चौथ्या दिवशी होती, जेव्हा काका ‘साधा ताप आहे’ म्हणत माडांना पाणी लावत होता.

माणसंही एक नसतात. करोनावरच्या पॅक्सलोव्हिड या गोळीने लस न घेतलेल्या, धोक्यातल्या लोकांची भरती आणि मृत्यू जवळजवळ 89 टक्क्यांनी कमी केले. लस घेतलेल्या, धोका बेताचा असलेल्यांमध्ये तोच फायदा ठसठशीत दिसला नाही. मोलनुपिराविर या दुसऱ्या गोळीचा पहिला अंदाज निम्म्या घटीचा, अंतिम आकडा 30 टक्के. मग ब्रिटनमध्ये बहुतेक सगळे लस घेतलेले असे पंचवीस हजारांवर लोक घेऊन पाहिलं, तर भरतीत काहीच फरक नाही, बरं वाटायला मात्र चार दिवस आधी. आपल्याकडे जानेवारी 2022 मध्ये आयसीएमआरने मोलनुपिराविर राष्ट्रीय उपचारांत घेतलंच नाही, सुरक्षिततेच्या शंकेपायी. तोवर तेरा कंपन्या ते बनवायला सज्ज होत्या.

मे 2022 मध्ये सॉलिडॅरिटीचा शेवटचा हिशेब आला. कृत्रिम श्वास न लागलेल्या, पण प्राणवायूवर असलेल्या रोग्यांत रेमडेसिव्हिर मिळालेल्यांचे मृत्यू 14.6 टक्के, न मिळालेल्यांचे 16.3. फरक आहे, लहान आहे. काका याच गटातला. म्हणजे त्याच्यासारख्या शंभर जणांना औषध दिलं तर पावणेदोन माणसं जास्त जगतात. त्या पावणेदोनांत काका होता का? की तो उरलेल्या त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशींतला, जो तसाही उठून माडांना पाणी लावायला जाणारच होता? संख्याशास्त्राला शंभर माणसं कळतात, त्यातलं एक कळत नाही. घरच्यांना ते एकच कळतं. त्या रात्री काकाची दुसरी फांदी कुठेच नव्हती. ज्याला औषध मिळालं नाही असा दुसरा काका जगात नाही. चाचणी करते काय, तर हजारो परक्या माणसांना कौल लावून एकमेकांच्या रिकाम्या फांद्या बनवते. माझ्या काकाची फांदी म्हणजे फिनलंडमधला किंवा फिलिपाइन्समधला कुणीतरी, ज्याने सही केली आणि ज्याची चिठ्ठी डावी निघाली. तो जगला की नाही हे मला कधीच कळणार नाही, पण काकाबद्दल जे थोडंफार कळतं ते त्याच्यामुळे.

मला पुन्हा आयकमन आठवतो, शिकिमीतलं आम्ल काढणारा. त्याचा भाऊ क्रिस्तियान बटाव्हियात कोंबड्या पाळून बेरीबेरीचा शोध घेत होता. कोंबड्या आजारी पडल्या, मग आपोआप बऱ्या झाल्या, आणि त्याला कारण कळेना. शेवटी उलगडलं: मधले काही महिने त्यांना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला पॉलिश केलेल्या तांदळाचा पांढरा भात मिळत होता. नवीन स्वयंपाकी आला, आणि लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना कशाला, म्हणून त्याने तो बंद केला. रिकामी फांदी एका खडूस आचाऱ्याने तयार केली. पुढे त्या शोधाला नोबेल मिळालं, आचाऱ्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही.

मी ती पट्टी उघडली नाही. दोन दिवस उलटून गेले होते, होडी वाळूत रुतली असती, असा हिशेब मी मनाशी केला. थोडं खोटंही आहे त्यात, मळमळ नको होती. काकूने आल्याचा काढा केला, त्यात मला न विचारता बाद्यानाच्या दोन पाकळ्या टाकल्या, आणि तीन दिवस मऊ भाताची पेज दिली, वर मेतकूट. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. काकू म्हणाली, बघ, काढ्याने उतरला. काका म्हणाला, पेजेने. शेजारच्या आजींनी परवाच माझी दृष्ट काढली होती, त्यांचंही काही म्हणणं होतं.

शेजारचा दहावीतला मुलगा माझ्या आदल्या दिवशी त्याच तापाने पडला होता. त्याला परीक्षेची भीती होती, आणि गोळी गिळता येत नाही म्हणून तो काहीच घेत नव्हता. संध्याकाळी तो किनाऱ्यावर क्रिकेट खेळताना दिसला. तू कधी उठलास, माझ्या आधी की नंतर, एवढं विचारायला मी वाळूत उतरलो. तोवर अंधार पडला, मुलं पांगली, आणि विचारायचं राहून गेलं.